वाटेवरची सोबत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असे ठरले, तेव्हा कुणी पाककृती द्यायचे कबूल केले, कुणी जात्यावरच्या ओव्या. माझ्याकडे पाहून आपल्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचनालयातून इतिहासाची पुस्तके नेता, तेव्हा तुम्ही इतिहास लिहा." मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. राजेमहाराजांचा इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. परंतु एक विषय पुष्कळ दिवस मनात घोळत होता. दरवर्षी आपली सहल किंवा वारी निघायची म्हटली की आदल्या दिवशी एकच चर्चा होते. "अगं, खरे मंगळसूत्र घालतेस की खोटे? पैसे कुठे ठेवलेस? वाटेत चोर फार असतात म्हणे." ते ऐकताना वाटायचे, आपल्या आज्या-पणज्या पायी चालत पंढरीला, काशीला जात, त्या काय करीत असतील? त्या शोधात जे वाचायला मिळाले, आणि त्यातून माझी मलाच जी चूक कळली, ती दोन्ही येथे सांगते. गोड मानून घ्यावे.

आगगाडी येण्यापूर्वी प्रवास म्हणजे पायी, बैलगाडीने, नाहीतर तट्टावर. पुरुष कमरेला कसा बांधीत, त्यात नाणी असत. बायका कनवटीला नाहीतर पदराच्या गाठीला पैसे बांधीत. अंगावरचे सोने हीच बाईची ठेव. व्यापारी मात्र हुशार. ते फार रोकड बरोबर नेतच नसत. एका गावच्या सावकाराकडे पैसे भरायचे, त्याने कागद लिहून द्यायचा, आणि तो कागद दाखवून दुसऱ्या गावच्या पेढीवर पैसे घ्यायचे. हीच हुंडी. त्यात शहाजोग हुंडी म्हणून एक प्रकार होता. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती पडत. चोराने ती चोरली तरी वटवायची कशी? आज आपली मुले फोनवरून पैसे देतात आणि त्याला गुप्त आकडे लागतात, त्या युक्तीची ही आजीच म्हणायची.

मुक्काम पडे तो देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीपाशी. रात्रीची राखण आपल्या भागात रामोशाकडे असे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबाने १८१९ साली या मुलुखाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराची पद्धत नोंदलेली आहे. चोरी झाली की चोर शोधण्याची जबाबदारी त्याची. पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या हद्दीत शिरला की तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा, आणि पुढचा शोध त्याने घ्यायचा. माग ज्या गावात जिरला, त्या गावावर पुष्कळदा भरपाईचा बोजा येई. म्हणजे वाटसरू परका असला तरी एका रात्रीपुरता तो गावाचा पाहुणा असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

गावात अशी राखण होती. खरे भय असे दोन गावांच्या मधल्या वाटेचे. त्यात सर्वांत भयंकर नाव ठगांचे. दक्षिणेकडे त्यांना फासीगार म्हणत. भाजीवालीने वजनात मारले की आपण "ठकवले गं बाई" म्हणतो, तो शब्दही याच कुळातला.

लहानपणी मला वाटे, ठग म्हणजे मोठ्या मिशांचे, तलवार घेऊन आरडाओरडा करीत येणारे दरोडेखोर. वाचल्यावर कळले की प्रकार अगदी उलटा होता. पावसाळा संपून वाटा वाळल्या की त्यांच्या टोळ्या निघत. वेश व्यापाऱ्याचा, शिपायाचा नाहीतर यात्रेकरूचा. वाटसरू दिसला की त्यांच्यातला गोड बोलणारा पुढे होई. "पुढची वाट फार वाईट आहे हो, चोरांचे भय आहे. आपण मिळूनच जाऊ." बिचारा वाटसरू सोबत मिळाली म्हणून देवाचे आभार मानी. मग कित्येक दिवस बरोबर चालणे, एकत्र शिजवून खाणे, सुखदुःखाच्या गोष्टी. शेवटी आधीच हेरून ठेवलेल्या जागी कुणीतरी "तमाखू आणा" असे साधेच काहीतरी बोले. ती खूण. त्याबरोबर रुमालाने गळा आवळीत आणि प्रेत पुरून टाकीत. मागे तक्रार करायला कुणी उरतच नसे. बाईमाणसाला मारू नये असा नियम त्यांच्यात सांगत, पण तोही नेहमी पाळला गेला नाही. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून निराळे काय?

१८३० च्या सुमारास स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचा माग धरला. फिरंगिया नावाचा मोठा जमादार हाती लागला, तो माफीचा साक्षीदार झाला, आणि पुरलेली प्रेते एकामागून एक बाहेर निघाली. १८३६ साली खास कायदा झाला. अमका ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप, असा तो कडक कायदा. आपल्या नळदुर्ग भागात नोकरी केलेल्या मेडोज टेलर साहेबाने १८३९ साली एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत घरोघरी वाचली गेली. त्यामुळे देवीचा कौल वगैरे गोष्टींना फार तिखटमीठ लागले, असे आताचे इतिहासकार म्हणतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. हे ठग एका जातीचे किंवा एका धर्माचे नव्हते. हिंदू होते, मुसलमान होते. कित्येक तर पावसाळ्यात आपल्या गावी शेती करणारे, चारचौघांत मानाने बसणारे लोक होते. चेहरा पाहून ते ओळखू येत नसत. तसे येते, तर इतके लोक फसलेच नसते.

ठगांचा बंदोबस्त झाला तरी वाटा निर्धोक झाल्या नाहीत. याची साक्ष आपल्याच मराठी माणसाने लिहून ठेवली आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरी कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर निघाले, आणि वाटेतच बंडाचा वणवा पेटला. १८५८ साली इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते शहरात होते. मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. पुन्हा मिळवली, पुन्हा लुटली गेली. घरी आले ते धनाऐवजी गंगेचे पाणी घेऊन. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. आपल्या वाचनालयातली प्रत मी दोनदा नेली. गावोगावच्या मराठी घरांनी अनोळखी माणसाला ओसरी दिली, घासातला घास दिला, म्हणून काका-पुतण्या जिवंत परतले, असे ते वाचताना सारखे वाटत राहते. सामान वाचले नाही, माणसे वाचली.

आता आपल्या जुन्या सातारा जिल्ह्याचीच एक गोष्ट. साताऱ्याजवळ आरफळ गाव आहे. तेथले हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. वारकरी मंडळी अशी हकीकत सांगतात की चाकरी संपवून, धन घेऊन ते गावी परत येत असता सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गाठले, सर्व लुटले आणि गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावली. हैबतरावांनी आत हरिपाठ चालू ठेवला. एकविसाव्या दिवशी लुटारूंच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात शिळा निघाली आणि त्यांची सुटका झाली. मग घरी न जाता ते आळंदीला गेले आणि तेथेच राहिले. ज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा आज ज्या थाटात चालतो, तो त्यांनी १८३२ च्या सुमारास घालून दिला. त्यांना अंकलीच्या शितोळे सरदारांचे साहाय्य झाले, आणि माउलींचे घोडे आजही अंकलीहूनच येतात.

गुहेची हकीकत श्रद्धेची आहे, ती तशीच घ्यावी. मी सांगते ती गोष्ट निराळी. वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाने पुढे जी वाट बांधून दिली, ती पाहा. प्रत्येक दिंडीला क्रमांक. काही दिंड्या रथाच्या पुढे, काही मागे, आणि कुणी आपली जागा सोडायची नाही. प्रत्येक दिंडीत विणेकरी, टाळकरी, तुळस घेतलेल्या बाया, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदाराने चोप उंचावला की लाखांचा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवीत राहते, आणि तिचे ऐकून घेतल्यावरच पुढचे काम. मग हरवले-सापडलेले पुकारतात. अमक्याची पिशवी सापडली, तमकीची माळ सापडली, ओळख सांगून घेऊन जावी. ज्या वाटेवर ठगाने सोबतीचे नाव घेऊन गळे कापले, त्याच काळात आपल्या लोकांनी खरी सोबत कशी असावी हे नियमाने बांधून दाखवले. नाव माहीत, जागा माहीत, रोज मोजदाद, आणि सापडलेली वस्तू ज्याची त्याला. बायाबापड्या या सोबतीच्या जोरावर घराबाहेर पडल्या.

आणखी एक जवळची गोष्ट. आमच्या आजेसासूबाई प्रतिसरकारच्या काळात परकऱ्या पोर होत्या. बेचाळीसच्या चळवळीनंतर सरकारची पकड ढिली झाली, तशी काही दरोडेखोरांची चैन झाली. त्यांतले काही तर चळवळीचेच नाव सांगून लुटत. तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात आपल्या भागात गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, कुंडलला तुफान सेना उभी केली, आणि चोर-दरोडेखोरांना पत्री लावली. पत्री म्हणजे तळपायांवर काठीचा मार. याच लोकांनी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी अडवून पैसा नेला. जी. डी. बापू लाड त्यांचे पुढारी. तो पैसा इंग्रज सरकारचा, म्हणून लढ्यासाठी घेतला, गाडीतल्या उतारूंना लुटले नाही, असे त्यांतले वृद्ध सैनिक अखेरपर्यंत अभिमानाने सांगत. आजेसासूबाई म्हणत, "त्या सालात पोरी सोन्यानाण्यानिशी माहेराला चालत जायच्या, कुणाची छाती नव्हती." यात म्हातारपणाची थोडी भर असेल. पत्रीची शिक्षा आज कुणी योग्य म्हणणार नाही. पण राखण गावाने आपली मानली की वाट सुधारते, एवढे त्यातून दिसते.

आता त्या रामोशाकडे परत येते. इंग्रजांनी किल्ल्यांच्या राखणीची जुनी कामे आणि वतने काढून घेतली. तेव्हा उमाजी नाईकांनी बंड केले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८७१ साली सरकारने एक कायदा केला. ठगांच्या प्रकरणापासून साहेबांच्या डोक्यात एक खूळ शिरले होते की चोरीचा धंदा रक्तातून उतरतो. म्हणून जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. १९११ साली या कायद्याची व्याप्ती देशभर वाढवली. त्या जातीत जन्मलेल्याने काही केले असो वा नसो, पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवाना घेतल्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. रामोशी, पारधी, कैकाडी, भामटा, वडार यांची नावे सरकारी यादीत गेली. जो रात्रभर जागून तुमच्या गाठोड्याची राखण करी, त्याचाच नातू जन्मतः चोर ठरला! स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून या लोकांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण लोकांच्या मनातली यादी गेली नाही. माझ्या मनातली तरी गेली नव्हती.

हे लिहायला हात अडखळतो, तरी लिहिते. सात-आठ वर्षांपूर्वी मी बहिणीच्या मुलीच्या लग्नाहून एकटी परत येत होते. एका मोठ्या गावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसले. शेजारी एक बाई येऊन बसली. नीटनेटके इरकल नेसलेली, कपाळी ठसठशीत कुंकू, बोलायला साखर. "कुठल्या गं तुम्ही, आक्का? एकट्याच निघालात का? दिवस वाईट आहेत बाई, पर्स सांभाळा." मला बरे वाटले. गाडी लागली तेव्हा तिनेच माझी पिशवी धरली, मला पुढे चढवले आणि मागून पिशवी हाती दिली. तिकिटाला पैसे काढू लागले तो पाकीट नाही. त्यात भिशीचे चार हजार रुपये आणि कानातले वेल. माझे तर हातपाय गळाले.

दाराशी एक पारध्याची बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. मी ओरडले, आणि कुणी काही विचारायच्या आत माझे बोट तिच्याकडे गेले. इरकलवाल्या बाईचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. लोकांनी तिला खाली ओढले, तिचे गाठोडे रस्त्यात उलटे केले. त्यात दोन भाकरी, पोराचे अंगडे आणि मण्यांच्या माळा निघाल्या. एकाने तिच्या थोबाडीत मारली. पोर रडू लागले. ती रडली नाही. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "बाई, तू बघितलंस का मला घेताना?" मी मान खाली घातली. इतक्यात गाडीतले एक आजोबा म्हणाले, "अहो, पिशवी देणारी बाई कुठे गेली?" ती गाडीत चढलीच नव्हती. गाडी सुटली. मी खिडकीतून पाहिले, तर ती पारधीण रस्त्यावरच्या माळा वेचीत होती.

चार हजार रुपये मी दोन वर्षांत भिशीतून पुन्हा साठवले. त्या बाईची मात्र भरपाई झाली नाही. पुढे त्या स्टँडवर गेले की माझी नजर तिला शोधते, पण ती दिसली नाही. ठगांचा इतिहास वाचला तेव्हा कळले की दोनशे वर्षांपूर्वीची युक्ती माझ्यावर जशीच्या तशी चालली. "दिवस वाईट आहेत, सांभाळा" असे म्हणणाऱ्यावर मी विश्वास टाकला. आणि १८७१ च्या कायद्याबद्दल वाचले तेव्हा कळले की त्या दिवशी मीही तोच कायदा चालवला, तोही रद्द होऊन साठांवर वर्षे झाल्यावर.

भगिनींनो, आता थोडे आजचे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धे तिकीट झाले. आपण पुष्कळ फिरू लागलो, ही आनंदाची गोष्ट. गर्दीही वाढली. मोहरमला आपल्या कडेगावात उंच ताबूतांच्या भेटी होतात तेव्हा तर मुंगीला वाट नसते. म्हणून इतिहासातून शिकलेल्या चार गोष्टी आपल्या मंडळापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, भीती घालून मदत करू पाहणाऱ्यापासून सावध असावे. "पुढे खून झाला आहे, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढा, कागदात बांधून देतो" असे सांगून वाटेत म्हाताऱ्या बायकांचे दागिने नेण्याचे प्रकार आपल्याकडे अनेकदा घडले आहेत. खरा पोलीस रस्त्यात दागिने उतरवायला सांगत नाही. हा जुना ठगच नव्या वेशात आला म्हणायचा.

दुसरी, व्यापाऱ्यांची अक्कल घ्यावी. लागेल तेवढीच रोकड न्यावी, तीही दोन जागी ठेवावी. सोने घरी ठेवले म्हणून सौभाग्य उणे होत नाही. चढताना पिशवी पुढे, पोटाशी धरावी, आणि ती दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

तिसरी, सहलीला निघताना दिंडीसारखी रीत ठेवावी. जोड्या ठरवाव्यात, प्रत्येक थांब्यावर मोजदाद करावी, आणि मुक्कामाला हरवले-सापडलेले पुकारावे. एकटी बाई दिसली, मग ती आपल्या मंडळाची नसली तरी, तिला आपल्या रांगेत जागा द्यावी. मात्र तिची पिशवी मागू नये.

चौथी, चोरी झालीच तर कंडक्टरला सांगून गाडी थांबवावी आणि ११२ वर फोन करावा. आगगाडीत असाल तर १३९ वर करावा. झडती घेणे पोलिसांचे काम आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोट कुणाकडे करू नये, आणि कुणी करू लागली तर तिचा हात धरावा. त्या दिवशी माझा हात धरणारी कुणी असती तर फार बरे झाले असते.

येत्या वारीला आपण जाऊ तेव्हा पहिल्या मुक्कामाची मोजदाद माझ्याकडे द्यावी, एवढी विनंती करते. लिहिण्यात काही उणेअधिक झाले असेल तर लहान बहीण समजून क्षमा करावी.